शब्द देण्याचा अधिकार

“बाई, रडायचं कुठल्या वाक्यावर?”

मी टेबलावर परीक्षकांचे कागद मांडत होते. मान वर केली तर समोर पन्नाशीला टेकलेला एक उंच, हाडकुळा माणूस उभा. अंगात धुतलेला निळा गणवेश, केस पाण्यानं चापून बसवलेले, भुवयांत मात्र वाळूची बारीक पूड तशीच. फाउंड्रीतल्या माणसाच्या भुवया काही केल्या साफ होत नाहीत.

“रडायचं नाहीये,” मी म्हटलं. “तुम्ही श्रीपती खोत ना?”

“व्हय. नगरकरसायबांनी पाठवलंय. म्हणाले, परीक्षा हाय, तू कामगार व्हायचंस. म्हटलं, कामगार तर हायेच की मी, त्यात व्हायचं काय?”

मला हसू आलं. “समोर परीक्षा देणारा साहेब बसेल. तुम्ही सारखे गैरहजर राहता म्हणून तो तुम्हाला बोलेल. तुम्हाला जे सुचेल ते बोलायचं. पाठ करण्यासारखं काही नाही.”

“पर खऱ्यावानी?”

“अगदी खऱ्यासारखं.”

“मग जमंल,” तो खूश झाला. “आमच्या गावात जत्रंला नाटक असतंय. दरसाल माझं काम असतंय, आन् ते बी वाईट मानसाचं. गेल्या साली कपटी दिवाण केलता. बायकांनी चपला मारल्या वो! चपला पडल्या म्हंजे काम वठलं. एक तर नवी कोरी हुती. मी काय परत दिली न्हाई.” मग जरा वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाला, “आमचं मास्तर सांगायचं, नुसतं बोलू नगंस, आतलं काय तरी घाल. आपलं स्वतःचं. मग वठतंय.”

“घाला की,” मी म्हटलं.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. मी तेव्हा इचलकरंजीच्या वाटेवरच्या एका सूतगिरणीत कार्मिक अधिकारी होते. सुनंदा हिरेमठ हे नाव तेव्हा चार कारखान्यांत माहीत होतं, ते माझ्या हुशारीमुळं नव्हे, तोंडामुळं. माझ्या नाकावर राग असतो असं माझी आई म्हणायची. असेल. पण तो राग उगाच तिथं येऊन बसला नव्हता.

कार्मिक अधिकारी म्हणजे माणसं नेमणारा, त्यांची गाऱ्हाणी ऐकणारा, वेळ आली तर त्यांना घरी पाठवणारा माणूस. लेथ चालवणाऱ्याला आयटीआयचा दाखला लागायचा, बॉयलरवाल्याला सरकारी परवाना लागायचा, आणि दोनदोनशे माणसांच्या पोटावर ज्याची सही चालायची त्याला काहीही लागत नव्हतं. मालकाचा मेव्हणा चालायचा. पलटणीतून निवृत्त झालेला सुभेदार चालायचा. माझ्या आधी गिरणीत जो गृहस्थ होता तो मालकाच्या बायकोचा मावसभाऊ. त्यानं गिरणीतल्या बायकांना वर्षानुवर्षं पाळणाघराचा शब्द दिला होता. बायका चिडल्या की शब्द द्यायचा, बायका परत मशीनवर. मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी एक बाई पोर कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, “पाळणाघर कुठं हाय? सायेब म्हणाले हुते, नवीन बाई येतील त्या दावतील.” मी मालकाकडं गेले. मालकाला पाळणाघर हा शब्दच पहिल्यांदा ऐकू आला होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की या धंद्याला काही नियम पाहिजेत, काही शिक्षण पाहिजे, परीक्षा पाहिजे. जिल्ह्यातल्या कार्मिक अधिकाऱ्यांचा एक संघ होता. तो वर्षातून एकदा पन्हाळ्याला सहल काढायचा, एवढंच त्याचं काम. मी सगळ्यांच्या डोक्याशी कटकट करून त्याला कामाला लावलं. अभ्यासक्रम झाला, लेखी परीक्षा झाली, आणि माझ्या हट्टानं तोंडी प्रात्यक्षिक झालं. उमेदवारानं खऱ्या माणसासमोर बसून बोलून दाखवायचं. पुस्तक पाठ करणारे खंडीभर असतात, माणसासमोर बसल्यावर काय करतो ते बघायचं. त्यात दोन गोष्टींवर माझा भर होता. एक म्हणजे ऐकणं. आणि दुसरा नियम मी स्वतः लिहिला होता, सातवा: जे देण्याचा अधिकार आपल्याला नाही, त्याचा शब्द उमेदवारानं देऊ नये. दिल्यास नापास.

पहिली परीक्षा कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीच्या प्रशिक्षण हॉलमध्ये ठरली. तिथले कार्मिक व्यवस्थापक भालचंद्र नगरकर संघाचे अध्यक्ष होते. गोरे, गुटगुटीत, गोड बोलणारे. तिसरे परीक्षक एका महाविद्यालयाचे प्राचार्य देवल, त्यांना सकाळपासून झोप येत होती.

खोत बाहेर जाऊन बसले आणि नगरकर आत आले. आल्या आल्या म्हणाले, “हिरेमठबाई, विषय बदललाय बरं का. गैरहजर कामगार फार जुनं झालं. स्वेच्छानिवृत्ती घेऊ. काळाला धरून आहे.”

“आत्ता? उमेदवार बाहेर बसलेत!”

“म्हणजे सगळ्यांना सारखीच अडचण. आणि विषय आयत्या वेळी बदलता येतो, हे तुमच्याच नियमांत आहे.”

होतं खरं. विषय फुटू नये म्हणून मीच ते घातलं होतं. मी मनातून चडफडले. नगरकरांनी प्रसंग लिहून आणला होता तोही वाचून दाखवला: फेटलिंगचं खातं, म्हणजे ओतीव कामावरची वाळू आणि कडा घासून काढायचं खातं, कमी करायचंय. नवं मशीन येणार आहे. कामगाराला राजी करायचं, त्यानं आपण होऊन राजीनामा द्यावा.

“खोत कुठल्या खात्यात आहेत?” मी विचारलं.

“फेटलिंगलाच. म्हणूनच तर निवडला. माहितीतलं बोलेल.”

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मी बाहेर जाऊन खोतांना आणि उमेदवारांना नवा प्रसंग सांगितला.

पहिला उमेदवार सुभेदार जगदाळे. त्यांनी खोतांना उभं केलं आणि कंपनीला तुमची गरज नाही असं एका दमात सांगून टाकलं. खोत शांतपणे म्हणाले, “गरज न्हाई तर मग मी सकाळधरनं घासतोय काय?” देवलसर जागे झाले. दुसऱ्यानं आकडेच आकडे वाचले. खोतांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारलं, “ह्यात खोकल्याच्या औषधाचं धरलंय का?” तिसरी एक मुलगी होती, बिचारी चांगली होती, पण खोतांनी घराचं सांगायला सुरुवात केल्यावर तिलाच रडू फुटलं. खोतांनी माझ्याकडं बघितलं. “बाई, रडायचं ह्यांनी हुतं व्हय?”

सगळे हसले. मीही. तो माणूस दरवेळी वेगळा होत होता. एकदा चिडका, एकदा भोळा, एकदा वकिलासारखा. प्रत्येक वेळी तो नाहीच म्हणत होता आणि प्रत्येक वेळी नगरकर पुढ्यातल्या कागदावर काहीतरी टिपत होते. परीक्षक टिपतोच.

शेवटचा निखिल वाळिंबे. पंचविशीतला, सांगलीचा, चष्मा, स्वच्छ आवाज. त्यानं आत आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे टेबलापलीकडची आपली खुर्ची उचलली, फिरवून आणली आणि खोतांच्या शेजारी मांडली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

“खोतमामा, चहा झाला?”

“दोनदा झाला.”

“घरी कोण कोण असतं?”

“मंडळी हाय. पोरगा हाय, विलास. औंदा बारावी झाला.”

“त्याचं काय ठरवलंय?”

“ठरवायचं काय त्यात? मी बाहेर पडलो की माझ्या जागंवर तो. मी बी माझ्या बापाच्या जागंवर लागलोय.”

फाउंड्रीत तशी रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण बापाची जागा मुलाला मिळायची.

“फेटलिंगलाच?” वाळिंब्यानं विचारलं. आणि मग तो बोललाच नाही. वाट बघत बसला. अगदी माझ्या अभ्यासक्रमात लिहिलं होतं तसा.

खोत आधी हसले, मग हातांकडं बघत राहिले. “बाप माझा खोकून खोकून गेला,” ते म्हणाले. “मला बी हाय खोकला. डाक्टर म्हणतोय, धूळ. मग वाटतं, पोरगं लागावं. आन् लागू नये असं बी वाटतं. बिननोकरीचा ठेवू कसा? आन् त्याच वाळूत ढकलू कसा? रात्री झोप लागत न्हाई सायेब ह्या एका गोष्टीनं.”

वाळिंब्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“विलासला स्टोअरला घेऊ, मामा. टेबल, खुर्ची, पावत्या. वाळूचा कण नाही. तुम्ही आनंदानं बाहेर पडा. हा माझा शब्द.”

“शब्द?”

“शब्द.”

खोतांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला. “मग जातो मी, सायेब.”

टाळ्या पडल्या. देवलसरांनीही वाजवल्या. खोत उठून माझ्यापाशी आले, डोळे अजून ओले होते, आणि हळूच म्हणाले, “वठलं?”

“वठलं,” मी म्हटलं.

जेवणाला तांबडा-पांढरा होता आणि माझ्यासाठी वेगळं पिठलं. पिठल्याच्या पहिल्या घासालाच वाजलं. नगरकर म्हणाले, “वाळिंबे पहिला. वादच नाही.”

“वाळिंबे नापास,” मी म्हटलं.

“काय म्हणता?”

“सातवा नियम. स्टोअरची जागा द्यायचा त्याला काय अधिकार होता? शब्द दिला.”

“अहो बाई, परीक्षा आहे ती! तिथं कुठली जागा आणि कुठलं स्टोअर?”

“परीक्षेत जो शब्द सहज देतो तो बाहेर त्याहून सहज देईल. नियम त्यासाठीच आहे.”

“तो किती छान ऐकत होता ते बघा की,” देवलसर नळी चोखत म्हणाले. “तुम्हालाच तर ऐकणं पाहिजे होतं.”

दोन विरुद्ध एक. वाळिंबे पहिला आला. चहाच्या वेळी नगरकरांनी त्याला तिथंच आपल्या हाताखाली सहायक म्हणून घेतलंसुद्धा. मी कोणाचा निरोप न घेता लुना काढली आणि निघाले. रस्ताभर मी एकटीच मोठ्यानं भांडत होते. पण मला वाटत होतं की आपण एका नियमासाठी भांडतोय.

पुढच्या आठवड्यात गिरणीच्या गेटवरून निरोप आला, कुणी खोत म्हणून आलेत. मी बाहेर गेले. खोत सायकल भिंतीला टेकवून उभे, अंगात पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा.

“तोंड गोड करा, बाई. तुमच्यामुळं झालं.”

“काय झालं?”

“विलासचं. सोमवारी बोलावलंय त्याला.”

मी पेढा हातात घेतला होता. तो हातातच राहिला. “नीट सांगा. कशासाठी बोलावलंय?”

“कामाला! परवा मला वाळिंबेसायबांनी बोलावलं. ह्या खेपंला खरंच. खातं कमी करायचंय म्हणाले. तसंच शेजारी येऊन बसले खुर्ची घेऊन, त्या दिवशीवानी. मी आधी न्हाईच म्हटलं. तर म्हणाले, खोतमामा, त्या दिवशी हिरेमठ मॅडमसमोर जे बोललो तेच आज बोलतोय, वेगळं काही नाही. मग सही केली मी.” त्यांनी माझ्याकडं अशा विश्वासानं बघितलं की मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. “म्हटलं, नुसता सायेब असता तर एक वेळ इचार केला असता. पर बाई हुत्या की तितं. तुमच्या म्होरं दिलेला शब्द खोटा कसा असंल?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षणात सगळं दिसलं. आयत्या वेळी बदललेला विषय. फेटलिंगमधून मुद्दाम निवडलेला माणूस. प्रत्येक उमेदवार काय बोलतो आणि खोत कशाला बधत नाहीत, कशाला बधतात, ते टिपून घेणारे नगरकर. ती परीक्षा उमेदवारांची नव्हतीच. कामगार कुठं मोडतो ते त्यांना शोधायचं होतं, फुकटात, माझ्याच नियमांनी आणि माझ्याच देखत. आणि खोतांनी मास्तरांचं ऐकून आतलं, स्वतःचं, काढून त्यांच्या हातात दिलं होतं.

“बाकीच्यांना बोलावलं?”

“बोलावत्यात की. रोज चार-पाच. वाळिंबेसायेब समद्यांना पोरांचं इचारत्यात.”

“बसा मागं,” मी लुना सुरू केली.

“आँ? सायकल हाय माझी.”

“सायकल राहू द्या. बसा.”

लुनावर मागं एक उंच माणूस, गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, हातात पेढ्यांचा पुडा. रस्त्यावरची माणसं बघत होती. बघू देत. मी गाडी थेट फाउंड्रीच्या ऑफिसपुढं उभी केली आणि चिठ्ठी वगैरे न देता नगरकरांच्या केबिनमध्ये शिरले. वाळिंबे तिथंच होता. खोतांनी सवयीनं पुडा टेबलावर ठेवला आणि भिंतीपाशी उभे राहिले.

“या, या,” नगरकर म्हणाले. त्यांनी पुड्यातला पेढा उचलून तोंडातही टाकला. “कशाचे?”

“ह्यांचा मुलगा स्टोअरला लागला त्याचे,” मी म्हटलं. “लागला ना?”

नगरकर पेढा चघळत राहिले. “स्टोअरला? स्टोअरला कुठं जागा आहे?”

“वाळिंबे, तुम्ही काय शब्द दिलात ह्यांना?”

वाळिंब्यानं चष्मा काढून पुसला. “मॅडम, परवा मी स्टोअर हा शब्दही उच्चारला नाही. मी म्हटलं, त्या दिवशी बोललो तेच.”

“आणि त्या दिवशी काय बोललात?”

“त्या दिवशी... परीक्षा होती.”

खोतांना अजून नीट कळलं नव्हतं. ते माझ्याकडं, मग त्याच्याकडं बघत होते. “मग विलासला सोमवारी कशाला बोलावलंय, सायेब?”

“काम नाही असं कोण म्हणालं?” नगरकर मायेनं म्हणाले. “ठेकेदाराकडं नाव दिलंय त्याचं. सोमवारपासून हजर व्हायचं.”

“कुठल्या खात्यात?” मी विचारलं.

“आता माणसं फेटलिंगलाच लागणार ना, बाई. तिथलीच तर गेली.”

“आणि ते नवं मशीन?”

“येईल. येईल तेव्हा येईल.”

खोत भिंतीपासून एक पाऊल पुढं आले. आवाज चढलाही नाही. “वाळूत न्हाई म्हणलाता सायेब. वाळूचा कण न्हाई म्हणलाता.”

वाळिंबे खिडकीबाहेर बघायला लागला. इतकं छान ऐकणारा मुलगा, त्याला आता ऐकू येईनासं झालं.

मग मी जे बोलले ते बाहेर टायपिस्ट पोरीपर्यंत ऐकू गेलं. मी नगरकरांना चोर म्हणाले, दरोडेखोर निदान तोंड बांधून येतात म्हणाले. राजीनामा फाडा म्हणाले. नाही फाडलात तर कामगार आयुक्तांकडं जाते, कोर्टात उभी राहते, साक्ष देते.

“कशाची?” नगरकरांनी विचारलं.

“त्या शब्दाची! मी ऐकलाय तो!”

“कुठं ऐकलात?” ते अजिबात चिडले नव्हते, त्याचाच मला जास्त संताप येत होता. “परीक्षेत. म्हणजे नाटकात. कोर्टाला काय सांगाल? एका उमेदवारानं खोटं खोटं वचन दिलं आणि एका कामगारानं खोटं खोटं मान्य केलं? आणि परवा खरं बोलणं झालं तेव्हा तुम्ही होतात का इथं? नव्हतात.”

मी ऐकलेला शब्द खोटा होता आणि खरा दिलेला शब्द मी ऐकला नव्हता. दोन्हींच्या मधे माझं नाव तेवढं खरं होतं आणि त्याच्यावर खोतांनी सही केली होती.

नगरकरांचा हात परत पुड्याकडं गेला. मी पुडा ओढून घेतला. “हे तुमच्यासाठी नाहीत.”

“बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका,” नगरकर म्हणाले. “तुम्हीच ना ओरडत होता, या धंद्याला कौशल्य पाहिजे म्हणून? हे कौशल्यच आहे. जगदाळे असता तर संप झाला असता. वाळिंब्यानं एकालाही दुखवलं नाही.”

बाहेर आल्यावर खोत लुनाजवळ उभे राहिले. मला वाटलं ते आता माझ्यावर चिडतील, आणि मला ते चिडायला हवे होते. पण ते म्हणाले, “चुकलं माझंच. मास्तर सांगायचं आतलं घाल. पर ते नाटकात. ह्ये नाटक न्हवतं, ह्ये मला कळाया पायजे हुतं.”

“तुमचं काही चुकलं नाही,” मी ओरडलेच. “ऐकलंत? काही चुकलं नाही!”

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, बाईमाणूस रस्त्यात ओरडतंय म्हणून.

मी जिथं जिथं जाता येईल तिथं गेले. कामगार आयुक्तांच्या ऑफिसातल्या माणसानं विचारलं की सही जबरदस्तीनं घेतली का. नाही. पैसे मिळाले का. मिळाले. मग तक्रार काय आहे? युनियनचा पुढारी म्हणाला, बाई, तुम्ही मॅनेजमेंटच्या, तुम्ही कशाला पडता यात? मग मी संघाची बैठक बोलावली आणि वाळिंब्याचं प्रमाणपत्र रद्द करा अशी मागणी केली. तास दीड तास चर्चा झाली. देवलसरांनी एक मुद्दा काढला, तो सगळ्यांना फार आवडला. ते म्हणाले की मानक म्हणजे जे मोजता येतं ते. ऐकणं मोजता येतं, उमेदवार किती वेळ गप्प बसला ते घड्याळावर दिसतं. शब्द देण्याचा अधिकार होता की नव्हता हे परीक्षकानं कसं मोजायचं? तेव्हा सातवा नियम काढून टाकावा. हात वर झाले. माझा एकटीचा खाली राहिला. त्याच बैठकीत असंही ठरलं की कठीण संभाषणाच्या वेळी अधिकाऱ्यानं खुर्ची शेजारी घेऊन बसावं, अशी शिफारस अभ्यासक्रमात घालावी. मी उठले, संघाचा बिल्ला काढून टेबलावर आपटला आणि बाहेर पडले. बिल्ला फुटला नाही, एवढंच वाईट वाटलं.

फेटलिंगमधले जवळपास सगळे जुने कामगार त्या दोन महिन्यांत बाहेर पडले. प्रत्येकाला एक मूल होतं आणि वाळिंब्याला शेजारी बसायला खुर्ची होती.

पुढच्या वर्षी चैत्रात खोतांचा निरोप आला. जत्रेला या, काम बघायला या. मला जायचं नव्हतं, त्या माणसाला तोंड दाखवायचा धीर नव्हता, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. लाइट जायची पंचाईत होती म्हणून नाटक दिवसाउजेडीच ठेवलं होतं, चारच्या सुमाराला, देवळासमोरच्या मांडवात. गाव सगळं लोटलं होतं. एका तरुण पोरानं पुढं येऊन मला बायकांच्या बाजूला खुर्ची दिली. “मी विलास,” तो म्हणाला. “शिफ्ट सुटली, तसाच आलोय.” आंघोळ केलेली दिसत होती, केस ओले होते. भुवयांत वाळू होती.

मी त्यानं दिलेल्या खुर्चीवर बसले.

नाटक नेहमीचंच होतं, दोन भाऊ, एक शेत, एक कोर्टकचेरी. पण मधेच एक प्रवेश आला तो त्यात बसत नव्हता. पडद्यामागून खोत आले. अंगात कोट, गळ्यात वाकडा टाय, डोळ्यांवर कुणाचा तरी चष्मा. समोर एक म्हातारा कामगार हात जोडून बसलेला. खोतांनी टेबलापलीकडची खुर्ची उचलली, फिरवून आणली आणि त्याच्या शेजारी मांडली. गुडघ्याला गुडघा लावून बसले.

मांडवातली पुरुषांची बाजू एकदम शांत झाली. तिथं फेटलिंगची बरीच माणसं होती. त्यांना ती खुर्ची माहीत होती.

“मामा, चहा झाला?” खोत गोड आवाजात म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, सांगलीचा, स्वच्छ होता. “घरी कोण कोण असतं?”

म्हाताऱ्यानं पोराचं सांगितलं. खोत ऐकत राहिले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “त्याला खुर्चीवर बसवू, मामा. वाळूचा कण नाही. हा माझा शब्द.”

पहिली चप्पल पुरुषांच्या बाजूनं आली. मग दुसरी. मग कुणीतरी शिवी हासडली आणि बायकासुद्धा उठल्या. माझ्या शेजारची म्हातारी उभी राहिली आणि तिनं आपली वहाण भिरकावली. खोतांनी तोंडावर हात घेतला नाही. चष्म्याआडून ते समोर बघत होते, आणि गर्दीत त्यांना मी दिसले. त्यांनी भुवया किंचित वर केल्या. त्या दिवशी हॉलमध्ये विचारलं होतं तसंच, वठलं का, असं विचारत होते.

मी वाकले आणि पायातली चप्पल काढली. नगरकरांना मारायची राहिली होती, वाळिंब्याला राहिली होती, हात वर करणाऱ्या त्या सगळ्यांना राहिली होती. होता नव्हता तेवढा जोर लावून फेकली. खोतांच्या कोटावर बसली. त्यांनी मान लववून ती घेतली.

चप्पल नवीच होती. मी ती परत मागितली नाही.